कच्चा दाणा

४ नोव्हेंबर, मंगळवार

रिसॉर्टची ऑर्डर मिळाली. आधी विश्वास बसेना, मग संशय आला. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीची दुकानं ओळीनं लागलेली असताना ह्यांना मळवलीची माधवी कशी आठवली? त्यांच्याकडे खरेदी बघणारा प्रज्ञेश समोर बसून गोड बोलत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत विचार करत होते, ह्याला नक्की हवंय काय? संध्याकाळी निवृत्तीला हेच विचारलं. नवरा देहूरोडच्या डेपोतून दमून आलेला, बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "चिक्की हवीय त्याला. तू चिक्कीच करतेस ना?"

लग्न मुंबईच्या पार्टीचं, महिनाअखेर, रिसॉर्टवरच. पाहुण्यांच्या डब्यात काचेसारखी आरपार चिक्की हवी, आतल्या गुलाबपाकळ्या आणि पिस्त्याचे काप दिसले पाहिजेत. रंग नको आणि ते बरणीतलं लिक्विड ग्लुकोजही नको. साखर, पाणी, लिंबू, बस्स. ही जमली तर वर्षभर त्यांच्या प्रत्येक खोलीत माझी चिक्की ठेवणार. म्हणजे कार्ला फाट्यावरच्या टपरीत उन्हात बसून गाड्या थांबायची वाट बघणं संपलं.

आजवर मी गुळाचीच चिक्की केली. सासूबाईंचा छोटा कारखाना, सासूबाईंची कढई, सासूबाईंचा ओटा आणि मदतीला सासूबाईंच्या वेळच्या सरुमावशी. सासूबाई गेल्या तेव्हा मी धंदा बंद करायला निघाले होते. तर ही बाई सकाळी येऊन गॅस पेटवून उभी. "रडायचं तं रड, पर हात चालू ठिव," म्हणाली. तेव्हापासून आम्ही दोघीच आहोत. म्हणून ऑर्डरची बातमी पहिल्यांदा तिलाच दिली. ती खूश झाली, आणि लगेच म्हणाली, "गेनूला सांगते."

गेणू तिचा मुलगा. लोणावळ्यात एका मोठ्या चिक्कीच्या दुकानात कामाला आहे. त्याला सांगायची एवढी कसली घाई?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज साखरेचा पहिला घाणा घातला, आणि वाया गेला.

सगळं नीट केलं होतं. साखर विरघळली, पाक उकळला, लिंबू पिळलं, पाण्यात थेंब टाकून बघितला तर कट्‌कन तुटला. गॅस बंद केला. मग सासूबाईंच्या पितळी डबीतून देवीची चिमूट सोडली. हा आमच्या घरचा नेम आहे. कार्ल्याच्या डोंगरावर आई एकवीरेला खडीसाखर वाहायची, ठेचून डबीत ठेवायची आणि दरेक घाण्यात गॅस बंद केल्यावर तिच्यातली एक चिमूट घालायची. चिमूट घालायचा मान मालकिणीचा, दुसरं कोणी डबीला हात लावत नाही. डबीतले दोन-चार मोठे खडे मी रोज मावशीच्या हातावर ठेवते, ती पदराच्या गाठीला बांधून नातीला नेते. छकुली संध्याकाळी दारात वाट बघत असते म्हणे.

तर चिमूट घातली, हात जोडले, पिस्ते घातले, मावशीनं उलथनं फिरवलं. बघता बघता कढईत पांढरा ढग उठला आणि कडेपर्यंत पसरला. ओट्यावर ओतेपर्यंत त्याची काच कुठली, चुन्यासारखी भुसभुशीत वडी झाली होती.

"आगं बया, पाक साखारला," मावशी म्हणाली.

गुळाच्या इतक्या घाण्यांत हे कधी झालं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा घाणाही तसाच.

आधी वाण्यावर संशय घेतला. साखरेत काहीतरी मिसळलं असणार. पेलाभर पाण्यात चमचाभर साखर ढवळली. सगळी विरघळली, पाणी स्वच्छ, तळाला काही नाही. वाणी सुटला. मग बोअरच्या पाण्यावर आले. ताटलीत आटवून बघितलं तर तळाशी क्षाराचं पांढरं कडं राहिलं. म्हटलं, सापडला चोर! दुपारी जारचं पाणी मागवून तिसरा घाणा घातला. तोही साखारला. पाणी पण सुटलं.

राहिली माणसं. माणसं आम्ही दोघीच.

संध्याकाळी गेणू मावशीला न्यायला आला, नव्या मोटारसायकलवरून. आत डोकावून विचारलं, "काय वयनी, जमतीया का काच?" हसला. मला ते हसू आवडलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

अडचण आली. मी सोवळंओवळं पाळत नाही, कारखान्यात जाते, कढईला हात लावते. पण देवीच्या डबीला हात लावायचं धाडस होत नाही, ते सासूबाईंच्या वेळेपासून हाडात बसलंय. मावशी म्हणाली, "चिमूट ऱ्हाऊ दे चार दिस, देवी काय उपाशी मरत न्हाई." मी हो म्हटलं. घाणा मात्र आज घातला नाही, मनच होईना.

९ नोव्हेंबर, रविवार

जमली!

छोट्या कढईत नमुन्यापुरता घाणा घातला. पाक मधासारखा, ओतल्यावर ओट्यावर पसरत गेला आणि आरपार राहिला. खालचा ओट्याचा दगड दिसतोय. गुलाबपाकळी अशी दिसतेय की आत्ता हात लावून काढावी. निवृत्तीनं तुकडा डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू पिवळी दिसतेस." कौतुक कसं करावं हे त्याला देवानं शिकवलंच नाही.

मी काय वेगळं केलं? काहीच नाही. तीच साखर, तेच पाणी, तेच लिंबू.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजही काच. प्रज्ञेशला नमुना दिला. त्यानं ट्यूबलाइटखाली धरून फोटो काढले, नवरीच्या आईला पाठवले, तिथल्या तिथे होकार आला. "मॅडम, सेम टू सेम अशीच पाहिजे हं," म्हणाला. पिस्ते आणि पाकळ्या उद्या येतील, मग मोठ्या कढईत खरं काम सुरू.

बोलता बोलता मावशीकडून कळलं की गेणू शनिवारपासून शेठबरोबर नाशिकला गेलाय, बुधवारी येणार.

म्हणजे गेणू नसला की काच होते. मनात नोंद केली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज डोक्यावरून पाणी घेतलं. मोठी कढई घासली, देवीचा फोटो पुसला, डबी काढली, प्रसन्न मनानं लागले. मोठा घाणा, म्हणून देवीची चिमूटही जरा मोठी घातली.

साखारला. मोठ्या कढईतला सगळा पाक गेला, पिस्त्यांसकट. मी ओट्याशी उभी राहून रडले. मावशीनं पाठीवर हात ठेवला तर मी खांदा काढून घेतला. का काढला ते मलाच नंतर कळलं. गेणू सकाळीच नाशिकहून आला होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचाही गेला.

निवृत्तीला सगळं सांगितलं. गेणूच्या शेठला ही ऑर्डर हवी असणार, गेणू आईला काहीतरी करायला लावतोय, तो नव्हता तेव्हाच तेवढी चिक्की नीट झाली. तो जेवता जेवता ऐकत होता. म्हणाला, "ज्या बाईनं माझ्या आईच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं, ती?" मी म्हटलं, माणसं बदलतात. तो म्हणाला, "तुला दूधवाल्यात पाणी दिसतं, भाजीवालीच्या तराजूत झोल दिसतो. एक दिवस आरशात बघशील आणि म्हणशील, ही कोण बाई घुसली घरात?"

ह्यावर मी त्याला दुसरी भाकरी वाढली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज खरं काय ते कळलं.

तळेगावला भिमाजीआबा आहेत, जुने हलवाई, निवृत्तीच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांना फोन लावला. आबा म्हणाले, "पानी तापलं की लय साखर पोटात घेतं. मंग तू ते पानी आटवतीस. आता पानी उरलं जरासं, साखर हाय तेवढीच. ती विरघळल्यावानी दिसती खरी, पर तिला बसाया जागा पायजे असती. एक कच्चा दाणा गावला, की समदी त्येच्याभवती बसाया लागती. लग्नात एक बाई पायरीवर टेकली की बाकीच्या टेकत्यात का न्हाई, तसं."

मी विचारलं, मग गुळाला कधी असं झालं नाही ते? "गुळात नाना जिनसा असत्यात. मळी असती, दुसऱ्या जातीची साखर असती. त्या मधी मधी येत्यात, दाण्याला दाणा भिडू देत न्हाईत. गुळात काय बी खपून जातं. गुलकोज बी त्येच काम करतं, लिंबू बी थोडं करतं. पर नुसत्या साखरेचं काम लय नाजूक. कढईच्या कडंला दाणा ऱ्हायला, उलथन्याला ऱ्हायला, न्हाईतर कुनाच्या हातनं पडला, की घाणा गेला." पुढे ते खडीसाखर कशी करतात ते सांगायला लागले, पाकात दोरा सोडतात वगैरे. मला वेळ नव्हता. आभार मानून फोन ठेवला.

कुणाच्या हातनं पडला. हे शब्द दिवसभर डोक्यातून जाईनात.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता कारखान्यात माझे नियम. पाक उकळायला लागला की कढईच्या कडा ओल्या फडक्यानं पुसायच्या, दाणा चिकटून राहता कामा नये. वर झाकण ठेवून वाफेनं कडा धुऊन घ्यायच्या. उलथनं उकळत्या पाण्यातून काढायचं. साखरेचं पोतं दाराबाहेर. मावशीला बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या, त्यांच्या फटीत दाणा अडकतो म्हणून. ती माझ्याकडे बघतच राहिली. विधवा बाई, त्या दोन बांगड्या नातीनं जत्रेतून आणून घातल्यात. "काढायच्या?" म्हणाली. मी म्हटलं, हो. तिनं काढून खिडकीत ठेवल्या.

एवढं सगळं करून, देवीची चिमूट घालून, मनोमन नवस बोलून घाणा घातला. पुन्हा पांढरा.

आता तर काही शंकाच उरली नाही. कडेला दाणा नाही, उलथन्याला नाही. उरले हात. निवृत्तीचा जुना मोबाइल फळीवर डब्यांच्या मागे लावून ठेवलाय, कॅमेरा कढईवर. उद्या बघते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मोबाइलवर आजच्या घाण्याचं शूटिंग जेवायच्या सुट्टीत दोनदा बघितलं. मावशीचे हात सोडून कुठेही नजर जाऊ दिली नाही. लिंबू पिळताना बघितलं, फडकं फिरवताना बघितलं, उलथनं धरताना बघितलं. काही सापडत नाही. मी देवीची चिमूट घालते तेव्हा ती डोळे मिटून हात जोडून उभी असते, म्हणजे तेव्हाही नाही. मग टाकते कधी? बोटांत सफाई आहे बाईच्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जे व्हायचं ते झालं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मावशी आली तशी मी म्हटलं, "मावशी, पदर झटका जरा." तिला कळेना. मी स्वतःच तिच्या पदराची गाठ हातात घेतली आणि सोडली. आत साखर. खडे होते दोन-तीन आणि बाकी चुरा.

"हे काय?"

"काय म्हंजी? परसाद हाय. तूच काल दिल्याला. छकुली झोपली हुती, म्हून तसाच ऱ्हायला."

उत्तर तयारच होतं. मी म्हटलं, "साखर ती साखरच, मावशी. प्रसाद म्हटलं म्हणून पाकाला कळतं का? दाणा तो दाणा. रोज पदरात कच्ची साखर बांधून तुम्ही माझ्या कढईवर वाकता, आणि मी बाहेर चोर शोधतेय."

"आगं पर तितनं कसा पडंल त्यो? गाठ हाय पक्की."

"गाठ सोडता येते."

ती हळू आवाजात म्हणाली, "म्या मुद्दाम केलं म्हनतीस?"

मी गेणूचं नाव घेतलं, त्याच्या शेठचं घेतलं. तुम्ही त्यांचीच माणूस आहात, म्हटलं. कारखान्यात उभी राहून मी हे बोलले. बाहेर रस्त्यावर ऐकू गेलं असणार.

तिनं खिडकीतल्या बांगड्या घेतल्या. त्या दिवसापासून घरी नेल्याच नव्हत्या, तिथेच पडून होत्या. मग पदरातले खडे आणि चुरा हातावर घेतला, खाली सांडू न देता ओट्यावर ठेवला. "ह्यो तुजा परसाद. हितं सांडला तर पुन्यांदा माज्यावर येईल." आणि पायांत चपला घालून गेली. रडली वगैरे नाही.

मी केलं ते बरोबर केलं. पुरावा हातात सापडला. तरी दिवसभर जेवण गेलं नाही, ह्याला काय म्हणावं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

निवृत्ती बोलत नाहीये. डबा घेऊन गाडीला गेला, परत आला, पेपर वाचून झोपला.

पाकळ्या नव्यानं मागवल्या. कारखाना धुऊन काढला, ओटा घासला, सगळं उकळत्या पाण्यानं. उद्यापासून मी एकटीच करणार. घरात चोर नसला की दाराला कडी नको.

२० नोव्हेंबर, गुरुवार

साखारला.

कारखान्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. दार आतून लावलं होतं. कडा पुसल्या, उलथनं उकळलं, देवीला दोन चिमटी जास्त घातल्या. पाक असा पांढरा झाला की आजवर इतक्या झपाट्यानं झाला नव्हता.

करणी? मला अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण जाताना ती ओट्याला हात लावून गेली होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रज्ञेशचा फोन. "मॅडम, सगळं ऑन ट्रॅक ना?" मी हो म्हटलं. त्याच्या आवाजातही मला संशय आला, कुणी त्याच्या कानाला लागलंय का? गेणू?

आजचा घाणाही गेला. ह्या खेपेला कोणावर ओरडायचं तेही कळेना. संशय घ्यायला माणूसच उरलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज जे बघितलं ते लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

सकाळी आणखी एक घाणा घालून वाया घालवला आणि दुपारी मोबाइल चार्जिंगला लावायला फळीवरून काढला, तर तो चालूच. सवयीनं सकाळी मीच बटण दाबलं असणार. म्हटलं, बघू तरी, कुठे चुकतंय.

मागच्या शूटिंगमध्ये मी दुसऱ्या बाईचे हात बघत होते. आज त्यात दुसरी बाईच नाही. माझेच हात. ते साखर घालतात, पाणी घालतात, लिंबू पिळतात. ओल्या फडक्यानं कडा पुसतात, आणि काय ती काळजी! एकेक बोट पुसतात. पाण्यात थेंब टाकून बघतात. पाक काचेसारखा स्वच्छ आहे, दाणा कुठेही नाही. गॅस बंद होतो. मग ते हात पितळी डबी उघडतात, चिमूटभर ठेचलेली साखर घेतात आणि सरळ पाकाच्या मध्यावर सोडतात. वर जोडतात सुद्धा.

पांढरा ढग तिथूनच उठला. जिथे चिमूट पडली बरोबर तिथून.

मी परत लावून बघितलं. मग नमुन्याचे दिवस आठवले, अडचणीचे. तेव्हा डबीला हात लावला नव्हता. गेणू नाशिकला होता म्हणून काच झाली म्हणे! आबा मला फोनवर खडीसाखरेचंच सांगत होते आणि मी फोन ठेवून दिला. गुळात वर्षानुवर्षं हीच चिमूट घातली, गुळानं ती पोटात घातली, म्हणून सासूबाईंनाही कधी कळलं नाही. आणि मला कळायला हवं होतं, पण मी साखर म्हणून तिच्याकडे बघितलंच नाही. मावशीच्या पदरात होती ती साखर. माझ्या डबीत होता तो प्रसाद.

"साखर ती साखरच, मावशी." हे मीच म्हणाले होते. त्या बाईच्या तोंडावर, तिचा पदर हातात धरून.

लाज वाटते आहे. लिहून ती कमी होत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

देवीची चिमूट फोटोपुढच्या वाटीत ठेवली, कढईत नाही. हात जोडले, म्हटलं, आई, तू इथेच घे. घाणा घातला. काच. दुसरा घातला, काच. निवृत्ती सुट्टीवर होता, तो लाटायला उभा राहिला, लाटणं कसं धरतात तेही त्याला माहीत नाही. मी त्याला शूटिंग दाखवलं होतं. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. फक्त म्हणाला, "मग? आज जातेस की उद्या?"

मी म्हटलं, ऑर्डर पुरी करून जाते. हातात काहीतरी घेऊन जायला हवं ना. खरं म्हणजे पाय उचलत नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑर्डर गेली. प्रज्ञेशनं डबे उघडून बघितले, वर्षभराचं पक्कं झालं. घरी येऊन पेढे वाटले नाहीत. चिक्कीचा सगळ्यात स्वच्छ तुकडा कागदात बांधला, पितळी डबी घेतली आणि मावशीच्या घरी गेले.

ती अंगणात तांदूळ पाखडत होती. इंद्रायणीचा वास घमघमत होता. मला बघून सूप खाली ठेवलं, "ये" म्हणाली, पाणी दिलं. आमच्याकडे शत्रूलाही पाणी देतात, त्यामुळे त्यावरून काही कळेना.

मी सगळं सांगितलं. काही राखलं नाही. चुकले, माफ करा, म्हटलं. ती ऐकत होती. मी चिक्की पुढे केली तर तिनं ती उन्हाकडे धरली, फिरवून बघितली. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, अगदी खरा, आणि तोच मला सोसेना.

"झाली गं काच," म्हणाली. "म्या म्हनलंच हुतं, हुईल."

"मावशी, उद्यापासून या. तुमच्याशिवाय होत नाही मला."

तिनं चिक्की परत कागदात बांधली. घडी नीट घातली. "न्हाई गं. गेनूच्या शेटकडं लागले म्या. सोमवारपास्नं जाती, आज सुट्टी हाय. त्येला कवाधरनं मानूस पायजे हुतं, गेनू लय मागं लागला हुता. म्या न्हाई म्हनायची, म्हनायची माधवीचं कसं हुईल." मग म्हणाली, "तूच म्हनलीस, म्या त्येंची मानूस. म्या म्हनलं, बरं."

ज्याचा संशय घेतला ते मीच करून ठेवलं.

"रागावलात?"

"राग कसला. पर आता तुज्या कढईवर वाकताना हात थरथरंल माजा. त्यापरीस नको."

तेवढ्यात छकुली शाळेतून आली. मला बघून उंबऱ्यातच थांबली. मी डबी उघडली, मोठे खडे निवडून हातावर घेतले आणि पुढे केले. रोज संध्याकाळी आजीच्या पदराची गाठ सोडायला झेप घेणारी ही पोर. ती जागची हलली नाही. माझ्या हाताकडे बघितलं, मग आजीकडे.

"आजे, घिऊ का?"

मावशीच्या हातात त्या दोन बांगड्या होत्या. त्या मागे सारत ती म्हणाली, "घे. परसाद हाय त्यो."